चौदा शक्तीचं खेचर

सकाळी साडेदहाला टेबलावर होतं ते असं: फासे सात, त्यांतला वीस बाजूंचा एक. पेन्सिली चार, टोक असलेल्या दोन. पुठ्ठ्याचा तीन घड्यांचा पडदा एक. माणसांच्या सोंगट्या सहा, खेचराची एक. चोवीस लढायांच्या नोंदींची वही एक. आणि वहिनीच्या प्रकरणाची सोळा पानं, त्यांवर माझ्या लाल पेनाच्या दोनशे अकरा खुणा. खुर्च्या पाच होत्या आणि आम्ही चौघं. तरी कुणीच बसलेलं नव्हतं.

छापखाना मावशीचा. पुढच्या दालनात मशीन, मधे कागद मोडायचं लांब टेबल, आणि मागे या दोन खोल्या, जिथे तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, खेळ तयार करतो. सोंगट्या पुढे सरकवून संपणारा हा खेळ नाही. टेबलाभोवती तीन-चार जण बसतात, प्रवासी होतात, आणि आपण काय करतो ते तोंडाने सांगतात. जमलं की नाही ते फासा ठरवतो. बाकी सगळं, म्हणजे वाट, हवा, दरोडेखोर, सूत्रधार ठरवतो. आमच्याकडे सूत्रधार हाच मावसभाऊ, दादा. गोष्टी लिहिते त्याची बायको, माझी वहिनी. मी संख्याशास्त्रात पदवी घेऊन चार महिन्यांपूर्वी आले, कारण मावशी म्हणाली होती, "जरा आकडे बघून दे." तेव्हापासून दादा मला मोजपट्टी म्हणतो.

वहिनी अकरा वर्षं जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्या दोन्ही मनगटांवर मिळून दातांच्या नऊ खुणा आहेत, मी विचारून मोजल्यात. हे सोळा पानांचं प्रकरण तिने दोन वर्षं लिहिलं: प्रवाशांबरोबर चालणारी सहा जनावरं, त्यांच्या खोडी, त्यांची भीती, त्यांचे नियम. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात तिचं नाव छापलं जाणार होतं ते या प्रकरणावर आणि फक्त याच प्रकरणावर. नियम समजावताना प्रत्येक ठिकाणी तिने खेचराचं उदाहरण घेतलं होतं. त्यामुळे खेचर बसलं नाही तर प्रकरणच बसत नव्हतं.

"चारला शेवटचा फॉर्म प्लेटला जाणार," मावशी म्हणाली. एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं म्हणजे एक फॉर्म, आणि हे प्रकरण बरोबर तेवढं. "उद्यापासून मशीन शाळेच्या वह्यांना दिलंय. हत्यारांचा तक्ता तयार पडलाय, तोही सोळा पानं. खेचर किंवा तलवारी. काय ते चारच्या आत सांगा."

"आई, तलवारींचा तक्ता वाचून कुणी रडत नाही," वहिनी म्हणाली.

"रडायला नाही विकत गं मी. खेळायला विकते. मागच्या पुस्तकात ती जादूची काठी होती ना? जो घेईल तो जिंकायचा. दुकानदारांनी गठ्ठेच्या गठ्ठे परत पाठवले. पुन्हा तसं नको." ती माझ्याकडे वळली. "तू बोल. रात्री फोनवर काय म्हणत होतीस?"

फोनवर बोलणं सोपं होतं. इथे दादा दोन हातांच्या अंतरावर उभा होता.

"नोंदी जुळत नाहीत," मी म्हटलं.

"कशाशी?" दादाने विचारलं.

मी वही उघडली. चाचणीची लढाई ठरलेली होती. कागदावर चौकोनी घरं आखलेला अरुंद पूल, तीन प्रवासी, समोर तीन दरोडेखोर. एकजण तरी जिवंत पलीकडे गेला की प्रवासी जिंकले. जनावर नसताना प्रवासी शंभरात पन्नास वेळा जिंकतात. मावशीची अट एवढीच, की खेचर बरोबर घेतल्यावरही आकडा पन्नासच्या आसपास राहावा. खेचराला चौदा शक्ती, माणसाला दहा. मार बसला की शक्ती कमी होते आणि शून्यावर मरण. खेचर घेणाऱ्याला त्याबदल्यात चिलखत सोडावं लागतं.

"मी ही लढाई संगणकावर दहा हजार वेळा लावली. खेचर शंभरात अठ्ठावन्न वेळा मरतं आणि प्रवासी एकाहत्तर वेळा जिंकतात. म्हणजे खेचर जास्त बळकट आहे. चौदाची नऊ शक्ती करायला हवी."

"नऊ शक्तीची शेळी असते," वहिनी म्हणाली.

"पुढे ऐक ना. दादाने खरोखरच्या माणसांबरोबर चोवीस लढाया घेतल्या. त्यात खेचर चौदाएक वेळा मरायला हवं होतं. मेलं एकदा. प्रवासी सतराएक वेळा जिंकायला हवे होते. जिंकले आठ वेळा."

"मग? नशीब," दादा म्हणाला.

"चोवीसमध्ये एकच मरण येण्याची शक्यता सुमारे तीन कोटींत एकदा आहे."

मावशीने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"सरळ बोल," दादा म्हणाला. "मोजपट्टी आहेस ना? सरळ बोल."

"दरोडेखोरांचे फासे तू पडद्यामागे टाकतोस. ते तू सोडून कुणी बघत नाही. खेचराला बसणारा मार तू माणसांवर ढकललास. त्याशिवाय खेचर इतकं जगत नाही आणि माणसं इतकी हरत नाहीत."

इतकं बोलून मी वहीकडे बघत राहिले. दादाने मला सायकल शिकवली, माझी पदवीची फी भरायला मावशीकडे तोच बोलला. त्याला मी त्याच्या आईसमोर लबाड म्हटलं होतं, तेही आकडे देऊन.

"दोनदा," तो म्हणाला.

"काय?"

"दोनदा केलं. सातवी आणि सोळावी लढाई. खेचर मरणार होतं, मी फासा फिरवला. बाकी बावीस स्वच्छ. शपथ घेऊ?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण वहिनी आधी बोलली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या खेचराला तू दया दाखवलीस."

"अगं, सोळाव्या लढाईत खेळायला आलेले ते शिंपीकाका—"

"दोन वर्षं मी लिहितेय. हे असं चालतं, हे असं घाबरतं, हे असं मरतं. मरतं तेसुद्धा लिहिलंय मी, अर्धं पान. आणि तू ते पडद्यामागे खोटं पाडलंस. मला बरं वाटावं म्हणून? मी काय पहिलीतली मुलगी आहे, चित्र छान काढलंस म्हणायला?"

"भांडण दुपारी करा," मावशी म्हणाली. "दोनाने तेरांचा फरक पडत नाही, एवढं मलाही कळतं. काय गं, पडतो का?"

"नाही पडत," मी म्हटलं.

"मग उरलेले अकरा कुठे गेले ते शोधा. खेळायला माणसं येतायत ना आज?"

"अकराला."

"पडदा दे इकडे." तिने तो पुठ्ठ्याचा पडदा घड्या घालून काखेत मारला आणि मशीनकडे निघून गेली.

*

चाचणीला नेहमीची तिघं आली. माणसांच्या दवाखान्यातल्या सिस्टर, आज त्यांची सुट्टी होती. एक तरुण वायरमन, ज्याच्या खिशात कायम टेस्टर असतो. आणि शिंपीकाका, जे खेळतानाही गळ्यात टेप ठेवतात.

"पडदा कुठाय?" वायरमनने बसता बसता विचारलं.

"धुवायला टाकलाय," दादा म्हणाला. कुणी हसलं नाही तेव्हा वायरमनने आम्हा तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आपली सोंगटी उचलली.

या तिघांना चाचणी कशासाठी आहे हे सांगायचं नाही, असा माझा आग्रह होता. खेळणाऱ्याला काय हवंय हे कळलं की तो नकळत तसं खेळतो. त्यांना एवढंच माहीत होतं की पुलावरची लढाई पुन्हा खेळायची आहे आणि आज फासे सगळ्यांसमोर पडणार आहेत.

मी दादाच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसले. त्याच्या हातावर नजर ठेवायला बसले होते, हे त्यालाही कळत होतं. तो प्रत्येक फासा टाकायच्या आधी हात उघडून मला दाखवायचा, जादूगार दाखवतो तसा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "दादा, पुरे." तो म्हणाला, "नाही, नीट बघून घे."

पहिल्या उघड्या लढाईत प्रवासी हरले. खेचर जगलं. दुसऱ्या लढाईतही तसंच. फासे मी स्वतः वाचले होते, प्रत्येक आकडा वहीत होता. तिसऱ्या लढाईत दरोडेखोर खेचरावर धावून आला. त्याला बारा किंवा वर हवे होते, पडले सतरा. दादाने माझ्याकडे बघत मुद्दाम हळू म्हटलं, "सतरा. खेचराला लागलं. पाच शक्ती गेली."

"थांबा," शिंपीकाका म्हणाले. "मी मधे आहे."

"कुठे मधे?"

"मागच्या फेरीतच सरकलो ना मी. हे बघा." त्यांनी आपली सोंगटी दाखवली. ती खेचराच्या अगदी पुढच्या घरात होती. "माझ्या अंगावरून जावं लागेल त्याला."

"काका, तुमची चारच शक्ती उरलीय," वायरमन म्हणाला. "खेचराची अजून अकरा आहे. त्याला खाऊ दे की मार!"

"त्याला काय कळतंय बिचाऱ्याला. ते आपल्या भरवशावर आलंय."

"लाकडाचं आहे काका!"

"मीही कापडाच्या बाहुलीवर माप घेतो, म्हणून काय टाचण्या कुठेही खुपसतो?"

नियमाप्रमाणे मार मधल्या माणसाला. शिंपीकाका मेले. पुढच्याच फेरीत तोच वायरमन, ज्याने आत्ताच शहाणपण शिकवलं होतं, आपली सोंगटी उचलून खेचरापुढे ठेवताना मी पाहिला. कुणी विचारलं नव्हतं तरी तो म्हणाला, "नाही, तशी जागा चांगली आहे ती." ती जागा चांगली नव्हती. तिथून त्याला कुणावरच वार करता येत नव्हता.

मी दादाच्या हाताकडे बघायचं सोडून दिलं आणि सोंगट्यांकडे बघू लागले. मग वहीची जुनी पानं उलटली. चोवीस लढायांत कोण कुठे उभं होतं याच्या नोंदी मी स्वतःच ठेवल्या होत्या, आणि आजवर फक्त फाशांचे रकाने वाचले होते. जागांचा रकाना मी कधी वाचलाच नव्हता. चोवीसपैकी एकवीस लढायांत दुसऱ्या फेरीच्या शेवटी खेचरापुढे माणूस होता.

संगणक सुरू केला. मी लिहिलेल्या सूचनांतली चौथी ओळ अशी होती: ज्याची शक्ती सर्वांत जास्त, तो पुढे. चौदा हा सर्वांत मोठा आकडा. दहा हजार लढायांत दहा हजार वेळा मी खेचराला ढाल करून पुढे उभं केलं होतं.

"दादा," मी म्हटलं, "चूक माझी आहे."

त्याने माझ्या संगणकावरची ओळ वाचली, पुन्हा वाचली. "म्हणजे तीन कोटी?"

"चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर."

"वहिनीला सांग."

वहिनी मधल्या टेबलाशी, कागदांच्या गठ्ठ्यांमागे बसली होती. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं, मग बाह्या वर सारल्या.

"यातल्या चार खुणा जनावरांनी मला चावल्याच्या आहेत," ती म्हणाली. "उरलेल्या पाच दोन कुत्र्यांच्या भांडणात मी हात घातला म्हणून. दवाखान्यात येणारी माणसं अशीच यायची. कुत्र्याला ओरखडा, आणि मालकाच्या हाताला सात टाके. तुझ्या संगणकाला हात नाहीत ना गं."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तू लाल खुणा करत होतीस."

*

आता प्रश्न उलटा झाला होता. खेचर जास्त बळकट नव्हतंच. माणसं त्याच्यासाठी मरत होती म्हणून हरत होती, शंभरात तेहेतीसच वेळा जिंकत होती. शक्ती कमी करून उपयोग नव्हता, मग माणसांनी त्याला आणखीच जपलं असतं. वाढवूनही उपयोग नव्हता, अकरा शक्ती उरलेली असतानाही काका पुढे झाले होते. सव्वाबारा वाजले होते.

"जो खेचरासाठी मार खाईल, त्याच्या बदल्यात खेचराने त्या फेरीत चिडून लाथ मारायची," मी म्हटलं. "तीन शक्तीची. हिशेबाने आकडा पन्नासजवळ येतो."

"खेचर सूड घेत नाही," वहिनी म्हणाली.

"वहिनी, पावणेचार तास आहेत."

"असू देत. खोटं लिहायचं तर तलवारीच छापा." ती दोन पावलं चालून परत आली. "आत्ता नियम काय आहे? दर फेरीला खेचराचा भीतीचा फासा. दहाच्या खाली आला की ते जागचं हलत नाही, लाथ नाही, काही नाही. बरोबर? पण ते कधी घाबरत नाही माहितीये? ओळखीच्या माणसाचा हात मानेवर असला की. आम्ही इंजेक्शन देताना एकजण नुसता तेवढंच करायचा. मग ते उभं राहतं, आणि लाथही नेमकी मारतं. माझ्या मांडीला विचार."

"म्हणजे पुढे नाही, शेजारी उभं राहायचं," दादा म्हणाला.

"शेजारी. एक हात मानेवर. त्या फेरीत भीतीचा फासा नाही."

"आणि त्याचं मोल?" मी विचारलं.

"हात एकच मोकळा. दोन हातांचं हत्यार चालवता येणार नाही. खरंच येत नाही."

मी कागदावर मांडून पाहिलं. शेजारी उभा राहिलेला माणूस खेचराला पूर्ण झाकत नाही, म्हणजे मार वाटला जाईल. लाथ दोन फेऱ्यांत एकदाऐवजी जवळपास प्रत्येक फेरीत. भाला आणि धनुष्य बाद. आकडा शेहेचाळीस आणि चौपन्नच्या मधे कुठेतरी पडत होता, पण माणसं कशी वागतील यावर ते होतं, आणि त्याबद्दलचा माझा अंदाज सकाळीच उघडा पडला होता.

मावशीला बोलावलं. तिने नियम एकदा ऐकला.

"खेळून दाखवा. किती लढाया होतील?"

"दहा मिनिटांची एक धरली तर बारा," दादा म्हणाला.

"मग बारा. पाच, सहा किंवा सात जिंकल्या तर फॉर्म छापते. चार आल्या तर नाही, आठ आल्या तरी नाही. मग तलवारी."

"मावशी, बारा फार कमी आहेत," मी म्हटलं. "नियम अगदी अचूक असला, जिंकण्याची शक्यता बरोबर निम्मी असली, तरी बारात पाच ते सात शंभरात एकसष्ट वेळाच येतं. एकोणचाळीस वेळा चांगला नियमही बाद होईल."

"किती हव्यात?"

"निदान चारशे."

"तुझ्या विषयात घड्याळ येतं का?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या येतं," मावशी म्हणाली. "आणि हे बघा, आधी ठरलं म्हणजे ठरलं. नंतर कुणी मला, अगदी थोडक्यात गेलं हो, असं म्हणायचं नाही. तू पण नाही." हे शेवटचं तिने वहिनीला म्हटलं.

"नाही म्हणणार," वहिनी म्हणाली.

*

एक वाजून पन्नास मिनिटांनी पहिली लढाई सुरू झाली. तिघांना नवा नियम सांगितला, बाकी काही नाही.

"हात मानेवर ठेवायचा," शिंपीकाकांनी खात्री करून घेतली. "कुठल्या बाजूने?"

"डाव्या," वहिनी दारातून म्हणाली. "डाव्या बाजूने सवय असते त्यांना."

पहिली हरले. दुसरी, तिसरी जिंकले. चौथी हरले, खेचर मेलं, आणि सिस्टर म्हणाल्या की त्यांना पाच मिनिटं हवीत. मी घड्याळाकडे बघून दोन मिनिटं दिली. पाचवी जिंकली, सहावी हरले. सहात तीन. मी वहीत आकडा लिहिताना तो हाताने झाकत होते, खेळणाऱ्यांना दिसू नये म्हणून. पण वहिनी माझ्यामागे उभी होती आणि तिला दिसत होतं. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

सातवी, आठवी जिंकली. नववी हरले. दहावी जिंकली, अकरावी जिंकली. माणसं शिकत चालली होती. काका आता आपणहून डाव्या बाजूला जात होते आणि वायरमनने भाला सोडून टेस्टरएवढा सुरा घेतला होता. हे शिकणं माझ्या हिशेबात नव्हतं.

अकरात सात. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं.

दादाने माझ्याकडे पाहिलं, मी वही जराशी तिरपी केली. त्याने वाचलं. शेवटच्या लढाईत प्रवासी हरायला हवे होते; जिंकले तर आठ, म्हणजे तलवारी.

बारावी लढाई वाईट सुरू झाली, म्हणजे आमच्या दृष्टीने चांगली. दुसऱ्या फेरीत वायरमन पुलावरून खाली गेला. चौथ्या फेरीत शिंपीकाका मेले; त्यांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. दोन दरोडेखोर पडले होते, तिसरा सिस्टरांच्या मागे दोन घरांवर, आठ शक्तीचा. सिस्टरांची दोन शक्ती, खेचराची एक. पलीकडचं टोक चार घरं दूर. ओझं लादलेलं खेचर एका फेरीत दोन घरं चालतं. पुढच्या फेरीत दरोडेखोर पोहोचणार आणि संपणार.

मावशी मशीन बंद करून दारात आली होती. शाईचे हात तिने अंगापासून लांब धरले होते.

"सिस्टर, काय करताय?" दादाने विचारलं.

त्यांनी पुलावरची घरं बोटाने मोजली. "ओझं कापलं तर?"

"म्हणजे?"

"याच्या पाठीवर ओझं आहे ना? ते कापून टाकलं आणि मी वर बसले, तर हे पळेल ना? चार घरं?"

दादाने पानं चाळली. सोळाही पानांत त्याबद्दल काही नव्हतं. ओझ्याबरोबर दोन घरं एवढंच होतं. आमच्या टेबलाचा रिवाज असा, की जिथे नियम काही सांगत नाहीत तिथे सूत्रधाराने मनाने ठरवायचं नाही, ज्याला ती गोष्ट खरोखर माहीत आहे त्याला विचारायचं. कुलपाचं वायरमनला, जखमेचं सिस्टरांना.

त्याने मान वळवली. "खेचराचं हिला विचारायला हवं."

वहिनी माझ्या मागून पुढे आली. तिला सात हा आकडा माहीत होता. पळणार नाही, एवढं ती म्हणाली असती तर कुणीही वाद घातला नसता.

"कुठला पट्टा कापताय?" तिने विचारलं.

"पोटाखालचा."

"नुसता तो कापला तर ओझं एका बाजूला सरकेल आणि ते बिथरेल. शेपटाखालचाही कापावा लागेल."

"कापते."

"एकच हात मोकळा आहे तुमचा. दुसरा मानेवर आहे. तो काढलात तर भीतीचा फासा."

"मग मानेवरचा राहू दे. सुरा माझ्याकडे आहे, आधी मागचा कापते, मग पोटाचा. ओळीने. ड्रेसिंग सोडतो तसं."

वहिनीने टेबलाची कड धरली.

"तो क्रम बरोबर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे पळेल?" दादाने विचारलं. "नीट सांग. पळेल की नाही?"

"अकरा वर्षांत पाठ मोकळी झालेलं आणि मागून कुणी येत असलेलं खेचर उभं राहिलेलं मी पाहिलं नाही." तिने एकदा मावशीकडे पाहिलं. "पळेल."

आता आकडा दादाने सांगायचा होता. वीस बाजूंच्या फाशावर किती आले तर जमलं हे सूत्रधार ठरवतो, आणि तो अठरा म्हणू शकला असता.

"हिने पळेल म्हटलंय," तो म्हणाला. "दोन पट्टे कापायचे तेवढंच अवघड. आठ किंवा वर."

वीसपैकी तेरा बाजू. शंभरात पासष्ट वेळा खेचर पलीकडे जाणार होतं, पस्तीस वेळा प्रकरण वाचणार होतं.

"टाका सिस्टर," वायरमन म्हणाला. तो उभा राहिला होता. "फुंकर मारून टाका."

"फुंकरबिंकर काही नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि फासा टाकला. तो शिंपीकाकांच्या टेपला लागून थांबला. काका खुर्चीवरून जवळजवळ पडलेच, वायरमनने दोन्ही हातांनी टेबल बडवलं, आणि सिस्टरांनी खेचराची सोंगटी एक एक घर मोजत पलीकडच्या टोकाला नेऊन ठेवली. मी फाशाचा आकडा वाचला, दादाला वाचायला लावला, आणि वहीत उतरवला.

लढाई बारावी. वेळ तीन वाजून त्रेपन्न मिनिटं. फासा अकरा. प्रवासी जिंकले. खेचर जिवंत, शक्ती एक. एकूण लढाया बारा, जिंकलेल्या आठ.